जगाचा इतिहास कसा शिकावा: आधी लांब पट्टी, मग खोल चर

जगाचा इतिहास शिकायला बसलेला माणूस बहुतेक वेळा एकाच ठिकाणी अडकतो. जाडजूड ग्रंथ आणतो, अश्मयुगापासून सुरुवात करतो, मेसोपोटेमियापर्यंत उत्साह टिकतो आणि रोम येईपर्यंत पुस्तक कपाटात जातं. यात चिकाटीचा दोष नसतो. पाच हजार वर्षं एकाच वेगानं आणि एकाच खोलीनं वाचायची म्हटलं तर कुणाचीही दमछाक होणार.

म्हणून दोन कामं वेगळी करायची आणि दोन्ही बरोबरीनं चालू ठेवायची. पहिलं काम रुंद आणि उथळ: कुठे, कधी, साधारण काय चाललं होतं याचा ढोबळ आराखडा. दुसरं अरुंद आणि खोल: एकच छोटा प्रश्न घेऊन पुराव्यापर्यंत जाणं. उत्खनन करणारेही आधी सगळ्या टेकाडाची पाहणी करतात आणि मग एका जागी चर घेतात. आठवड्याला ५० मिनिटांच्या तीन बैठका पुरतात, दोन पाहणीला आणि एक चराला. बारा आठवड्यांत हाती एक आराखडा आणि एक नीट खणलेला प्रश्न येतो. नुसती पाहणी केली तर सनावळ्या पाठ होतात, पण विचार करता येत नाही. नुसता चर खणला तर आपण नक्की कुठे उभे आहोत तेच कळत नाही.

पट्टी

ए-४ आकाराचे दहा कागद, डिंक, फूटपट्टी आणि पेन्सिल घ्या. पेन नको, कारण नोंदी खोडाव्या लागतात. कागद आडवे ठेवून एकावर एक १ सेंटिमीटर चढवून चिकटवले की साधारण २८८ सेंमी लांब पट्टी तयार होते. प्रमाण १ सेंमी = २० वर्षं धरा. इ.स.पू. ३५०० पासून सुरुवात केली तर आजचा दिवस २७६ सेंमीवर येतो आणि टोकाला थोडी जागा उरते. रुंदी २१ सेंमी आहे. वरचे ३ सेंमी सालांसाठी ठेवा आणि उरलेल्या जागेत प्रत्येकी ३ सेंमीच्या सहा ओळी आखा: युरोप, पश्चिम आशिया व उत्तर आफ्रिका, सहाराच्या दक्षिणेचा आफ्रिका, दक्षिण आशिया, पूर्व व आग्नेय आशिया, अमेरिका.

पहिल्या फेरीत चाळीसच्या वर नोंदी करू नका. मेसोपोटेमियातल्या उरुक शहरातलं लेखन (इ.स.पू. ३२०० च्या सुमारास), सिंधू खोऱ्यातली नगरं (इ.स.पू. २६०० ते १९००), पूर्व भूमध्य परिसरातल्या राज्यांची पडझड (इ.स.पू. १२०० च्या आसपास), चीनचं एकीकरण (इ.स.पू. २२१), हिजरा, म्हणजे मुहंमद पैगंबरांचं मक्केहून मदिनेला स्थलांतर (६२२), मंगोलांनी घेतलेलं बगदाद (१२५८), दक्षिण अमेरिकेतल्या पोतोसीची चांदी (१५४५), हैतीचं स्वातंत्र्य (१८०४), अशा. लढाया आणि राज्याभिषेक कमी ठेवा. पिकं, धातू, लिपी, रोगराई आणि व्यापारी मार्ग जास्त घ्या. एकदा घडलेल्या गोष्टीला ठिपका, चालत राहिलेल्या गोष्टीला रेघ.

हा फरक किरकोळ वाटतो, पण पट्टीचा अर्धा फायदा त्यातच आहे. सिंधू नगरांची रेघ ३५ सेंमी भरते. १७८९ ते १७९९ ही फ्रेंच राज्यक्रांतीची दहा वर्षं अर्ध्या सेंटिमीटरमध्ये संपतात. पाठ्यपुस्तकात पानांची वाटणी नेमकी उलट असते. दोन्हींपैकी एक बरोबर आणि दुसरं चूक असं नाही. पानांची वाटणी कुणीतरी ठरवलेली असते, एवढं मात्र डोळ्यांना दिसतं.

आता फूटपट्टी उभी धरून वाचा. इ.स.पू. २२१ मध्ये चिनी राज्यं एका सम्राटाखाली आली, इ.स.पू. २१८ मध्ये रोमवर चालून निघालेला कार्थेजचा सेनापती हॅनिबल सैन्यासह आल्प्स ओलांडत होता आणि सम्राट अशोकाच्या राजवटीचा शेवट त्याआधी जेमतेम दहा-पंधरा वर्षांचा. तिन्ही गोष्टी एका सेंटिमीटरमध्ये आल्या, पण त्यांचा एकमेकींशी काही संबंध नाही. समकालीन म्हणजे संबंधित नव्हे. आता १५७१ ची नोंद बघा. त्या साली स्पेननं मनिलात ठाणं बसवलं. अमेरिकेतल्या खाणींची चांदी तिथून थेट चीनकडे जाऊ लागली, कारण चीनमध्ये चांदीला सोन्याच्या तुलनेत युरोपपेक्षा साधारण दुप्पट भाव मिळत होता आणि मिंग राज्याचे कर चांदीत गोळा होऊ लागले होते. इथे तीन ओळींमध्ये खरा धागा आहे. असे धागे रंगीत पेन्सिलीनं जोडा, पण प्रत्येक धाग्यावर काय वाहत होतं ते लिहा: चांदी, मिरी, रोग, कागद, माणसं. लिहिता आलं नाही तर धागा पुसून टाका.

अमेरिकेची ओळ सुरुवातीला ओस दिसते, म्हणजे तिथे काही घडत नव्हतं असा समज होतो. पेरूमधलं काराल हे शहर इ.स.पू. २६०० च्या सुमाराचं, म्हणजे गिझाच्या मोठ्या पिरॅमिडच्या आसपासचं. ते लिहून ठेवणारं कुणी नव्हतं, म्हणून ते आपल्या वाचनात उशिरा येतं. मोकळ्या जागेवर ‘काही नाही’ असं न लिहिता ‘मला माहीत नाही’ असं लिहा.

पट्टी बिघडते ती शेवटच्या टोकाला. गेली दोनशे वर्षं १० सेंमीत बसतात आणि सगळ्यांना तिथेच दोनशे नोंदी करायच्या असतात. १७५० नंतरच्या काळासाठी १ सेंमी = २ वर्षं या प्रमाणाची वेगळी पट्टी करा. पाच कागद पुरतात.

नकाशाही जवळ ठेवा. मर्केटर पद्धतीच्या नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेएवढा दिसतो. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या सुमारे चौदा पट आहे. असा नकाशा डोक्यात धरून साम्राज्यांची तुलना केली की गणित चुकतंच.

सालांचा हिशोब

इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १ येतं, शून्य साल नाही. त्यामुळे इ.स.पू. मधून इ.स. मध्ये येताना बेरीज करून एक वजा करायचा. ऑगस्टस इ.स.पू. ६३ च्या सप्टेंबरात जन्मला आणि इ.स. १४ च्या ऑगस्टमध्ये वारला. ६३ + १४ - १ = ७६, आणि वाढदिवसाला महिना बाकी होता म्हणून वय ७५. इ.स.पू. पाचवं शतक म्हणजे ५०० ते ४०१, उलट्या क्रमानं.

दोन पुस्तकांत एकाच घटनेच्या तारखा दहा ते तेरा दिवसांनी वेगळ्या दिसल्या तर लेखकाला दोष देण्याआधी दिनदर्शिका तपासा. रशियातली ‘ऑक्टोबर क्रांती’ जुन्या ज्युलियन दिनदर्शिकेनुसार २५ ऑक्टोबर १९१७ ला झाली, नव्या ग्रेगोरियन दिनदर्शिकेनुसार ७ नोव्हेंबरला. न्यूटनचा जन्म २५ डिसेंबर १६४२ चा की ४ जानेवारी १६४३ चा? दोन्ही बरोबर, फक्त दिनदर्शिका वेगळी. हिजरी सालात नुसते ६२२ मिळवून चालत नाही, कारण ते वर्ष ३५४-३५५ दिवसांचं असतं आणि आपली ३२ वर्षं होतात तेव्हा तिथे ३३ होतात.

चर कुठे घ्यायचा

‘रोमन साम्राज्य का पडलं?’ हा प्रश्न नवशिक्यासाठी निरुपयोगी आहे. काय वाचलं म्हणजे उत्तर मिळालं हेच त्यात ठरत नाही. प्रश्नात जागा हवी, पन्नासेक वर्षांचा काळ हवा, कोणती माणसं ते हवं आणि काहीतरी खटकणारं हवं. ‘१३४८ ची प्लेगची साथ आल्यानंतर इंग्लंडमधल्या शेतमजुरांची मजुरी का वाढली, आणि कायदा करूनही ती का रोखता आली नाही?’ हा प्रश्न खणता येतो.

प्रश्न ठरला की त्या काळातली किमान दोन साधनं (कायदे, हिशोब, पत्रं, शिलालेख असं काही) आणि त्यावर नंतर लिहिलेली दोन पुस्तकं किंवा प्रकरणं गोळा करा. त्या काळातलं साधन भाषांतरात वाचायला हरकत नाही, पण भाषांतर मूळ भाषेवरून केलंय की आधीच्या भाषांतरावरून, ते पुस्तकाच्या पहिल्या पानांत बघून टिपून ठेवा.

साधन कसं वाचायचं: कादेशचं उदाहरण

इ.स.पू. १२७४ च्या सुमारास, आजच्या सीरियातल्या ओरोंतेस नदीकाठी, कादेशपाशी इजिप्तचा राजा दुसरा रामसेस आणि आजच्या तुर्कस्तानातल्या हिटाइट राज्याचा राजा मुवाताल्ली यांची लढाई झाली. रामसेसनं तिचं वर्णन अबू सिंबेल, लक्सर, कर्नाक अशा अनेक ठिकाणच्या भिंतींवर कोरून घेतलं. मजकूर थोडक्यात असा: सैन्यानं साथ सोडली, राजा एकटा पडला, त्यानं आमोन देवाचा धावा केला आणि एकट्यानं शत्रूला पिटाळलं.

मजकूर वाचण्याआधी पाच गोष्टी लिहायच्या: कुणी लिहिलं, कुणासाठी, केव्हा, कशावर, आणि लिहिणाऱ्याचा त्यात फायदा काय. इथे लिहून घेणारा खुद्द राजा, लिहिलेलं देवळाच्या भिंतीवर, हेतू कीर्तीचा. म्हणजे ही एका बाजूची कैफियत. मग ती टाकून द्यायची का? नाही. नवशिके इथेच घाई करतात. ‘पक्षपाती’ असा शिक्का मारला आणि साधन बाजूला सारलं की काम संपलं असं त्यांना वाटतं. पक्षपाती नसलेलं साधन जवळजवळ मिळतच नाही. त्याच्याकडून नेमकं काय काढून घेता येतं हे बघायचं.

त्याच मजकुरात एक अडचणीची गोष्ट आहे. दोन भटक्या माणसांनी रामसेसला सांगितलं की हिटाइट राजा अजून दूर उत्तरेला, अलेप्पोच्या बाजूला आहे. राजानं विश्वास ठेवला आणि सैन्याच्या चार तुकड्यांपैकी एकीबरोबर तो पुढे गेला. नंतर पकडलेल्या हेरांना मारहाण केल्यावर कळलं की शत्रू कादेशच्या मागेच दबा धरून बसलाय. राजा फसला, ही गोष्ट राजाच्या कीर्तीला सोयीची नाही. गैरसोयीची असूनही ती कोरली गेली, म्हणून तिला वजन जास्त. नोंदवहीत अशा ओळींपुढे फुली करा.

मग पडताळा. लढाईनंतर कादेश कुणाच्या ताब्यात राहिलं? हिटाइटांच्या. मोठा विजय मिळाला असता तर हे जुळत नाही. पुढे सुमारे पंधरा वर्षांनी, इ.स.पू. १२५९ च्या आसपास, दोन्ही राज्यांत तह झाला. त्याची इजिप्शियन प्रत कर्नाकच्या भिंतीवर आहे आणि अक्कादी भाषेतली प्रत आजच्या तुर्कस्तानात, हिटाइटांची राजधानी हात्तुशा इथे मातीच्या पाट्यांवर सापडली. गंमत म्हणजे तहाची विनवणी समोरच्यानं केली, असं दोन्ही प्रतींतून सूचित होतं. तहाची कलमं जिथे जुळतात तिथे आपण खंबीर जमिनीवर. पुढाकार कुणाचा, या मुद्द्यावर दोन्ही बाजूंचा शब्द कच्चा.

पाच प्रश्न, गैरसोयीच्या ओळी, पडताळा. एवढ्या गोष्टी एका पानभर मजकुरावर केल्या तर एक बैठक सहज जाते. जायलाच हवी.

भाषेकडेही लक्ष ठेवा. रोमन सम्राट कॉन्स्टंटाईननं चौथ्या शतकात पोपला पश्चिमेचा कारभार दिला असं सांगणारं एक दानपत्र युरोपात शतकानुशतकं खरं मानलं जात होतं. १४४० मध्ये लोरेंझो वाल्ला या इटालियन विद्वानानं ते बनावट असल्याचं दाखवलं, आणि त्यासाठी मुख्यतः शब्द वापरले. त्यातली लॅटिन चौथ्या शतकातली नव्हती, आणि रोमन दरबाराच्या वर्णनात चक्क ‘सत्रप’, म्हणजे इराणी साम्राज्यातले प्रांताधिकारी, होते.

कायदा काय मना करतो ते बघा

प्लेगच्या प्रश्नाकडे वळू. इंग्लंडच्या राजानं १३४९ मध्ये हुकूम काढला आणि १३५१ मध्ये संसदेनं कायदा केला: मजुरी साथीच्या आधी होती तितकीच घ्यावी. नवशिका यातून ‘मजुरी गोठवली गेली’ असं लिहितो. हा कायदा काय सांगतो? लोकांनी काय करावं असं राज्यकर्त्यांना वाटत होतं, ते. ज्याची मनाई करावी लागते ते चालू असतं, आणि दोन वर्षांत पुन्हा मनाई करावी लागली म्हणजे ते थांबलं नव्हतं. १३५१ च्या कायद्याची प्रस्तावनाच मजूर आधीचा हुकूम जुमानत नसल्याची तक्रार करते. प्रत्यक्ष मजुरी किती होती यासाठी जमीनदारीचे हिशोब बघावे लागतात. कायदा आणि हिशोब ही दोन जातीची साधनं आहेत. त्यांना एकच प्रश्न विचारू नका.

कारण शोधताना

साथीत इंग्लंडची तिसरा हिस्सा ते निम्मी माणसं दगावली. मजूर कमी झाले, म्हणून मजुरी वाढली. उत्तर सरळ दिसतं आणि बरेच जण तिथे थांबतात. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली असेल का, हे तपासायचं तर तोच कावळा दुसऱ्या फांदीवर बसला तेव्हा काय झालं ते बघा. पूर्व युरोपात पुढच्या शतकांत माणसांची चणचण असूनही शेतकऱ्यांवरचं भूदासपद (जमीनदाराच्या जमिनीला बांधून ठेवणं) उलट आवळलं गेलं. म्हणजे नुसत्या चणचणीनं मजुरी वाढत नाही. जमीनदार एकजुटीनं वागू शकत होते का, पळून जाणाऱ्या मजुराला शहरात आसरा होता का, राजसत्ता कुणाच्या पाठीशी होती, हे सगळं त्यात येतं. इतिहासकारांचे या मुद्द्यावरचे वाद अजून मिटलेले नाहीत, आणि नवशिक्यानं वाचायला ते उत्तम आहेत.

दुसरी सवय पश्चातबुद्धीला आवर घालण्याची. सारायेव्होत २८ जून १९१४ ला ऑस्ट्रियाच्या युवराजाची हत्या झाली आणि सर्बियाला ऑस्ट्रियाचा निर्वाणीचा खलिता गेला २३ जुलैला. मधल्या २५ दिवसांत जर्मन कैसर नॉर्वेच्या किनाऱ्यावर जलसफरीला गेला होता. महायुद्ध ‘अटळ’ होतं असं लिहिण्याआधी १५ जुलै ही तारीख कागदावर लिहा, तिच्यापुढचं सगळं झाका आणि त्या दिवशी व्हिएन्ना, बर्लिन, सेंट पीटर्सबर्ग यांपैकी एका ठिकाणी बसलेल्या मंत्र्यापुढे कोणते पर्याय होते ते लिहा. तीन तरी सापडायला हवेत. नसतील सापडत तर वाचन कमी पडतंय.

नावांवर भरवसा नको

पूर्व रोमन साम्राज्याची राजधानी कॉन्स्टँटिनोपल (आजचं इस्तंबूल) इथले लोक स्वतःला रोमन म्हणवत. ‘बायझंटाईन’ हे त्यांच्या साम्राज्याला मिळालेलं नाव १४५३ मध्ये ते संपल्यानंतरच्या शतकातलं. ‘शंभर वर्षांचं युद्ध’ १३३७ ते १४५३, म्हणजे ११६ वर्षांचं, आणि मध्ये लांबलांब तह. अशी नावं वापरायला सोपी असतात, वापराही, पण ती कुणी केव्हा दिली हे शेजारी टिपा. नाहीतर ‘अंधारयुग’ म्हटलं की तिथे उजेड शोधायलाच कुणी जात नाही.

पुस्तकं आणि पडदा

पुस्तक हातात घेतल्यावर प्रकाशनाचं साल, अनुक्रमणिका, प्रस्तावना आणि शेवटचं प्रकरण, इतकं आधी वाचा. चाळीस मिनिटांत लेखकाचा मुद्दा कळतो. मग आपल्या प्रश्नाचं एक प्रकरण तळटिपांसकट. तळटीप मूळ साधनाकडे नेते की दुसऱ्याच पुस्तकाकडे, हे बघितलं की लेखकाची मेहनत कळते. एका प्रश्नावरच्या दोन पुस्तकांमध्ये शक्यतो २५ वर्षांचं अंतर असू द्या आणि ते कुठे भांडतात ते शोधा: माहितीवर, की तीच माहिती किती वजनाची यावर? बहुतेक भांडणं दुसऱ्या जातीची असतात.

ऑनलाइन विश्वकोश सुरुवातीला चांगला, पण खरी कमाई त्याच्या संदर्भयादीत. एखादं अवतरण दिसलं की भाषण, पत्र किंवा पान सापडतंय का ते बघा. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे संवादक अवघड संज्ञा समजावून देतात, पण अवतरणं आणि पानांचे आकडे कधीकधी बिनदिक्कत रचून देतात, म्हणून पुराव्यासाठी त्यांच्यावर विसंबू नका.

एक पान लिहा

बाराव्या आठवड्यात आपल्या प्रश्नावर ३०० शब्द. दोन वाक्यांत उत्तर, त्यामागचे दोन पुरावे, विरुद्ध जाणारा एक पुरावा, आणि काय सापडलं तर मी मत बदलेन ते. शब्दांची किंमत आधीच ठरवून घ्या. एकमेकांवर न बेतलेली दोन साधनं जुळली तर ‘निश्चित’, एकच भरवशाचं साधन असेल तर ‘बहुधा’, आपला तर्क असेल तर ‘शक्य आहे’. ऐकीव गोष्टींसाठी मराठीत ‘म्हणे’ हा छानसा शब्द तयारच आहे, तो सढळ हातानं वापरा. एकाचंच वाचून दुसऱ्यानं लिहिलेलं असेल तर ती दोन साधनं नव्हेत, एकच. सगळ्यात जास्त चुका इथे होतात.

पान दोन आठवडे बाजूला ठेवा. मग लाल पेन्सिल घेऊन प्रत्येक वाक्यापुढे ‘कशावरून?’ असं विचारा. उत्तर नसलेल्या वाक्यांभोवती गोल करा. ती काढून टाका किंवा त्यांना ‘म्हणे’ जोडा. गोल केलेलं एखादं वाक्य पुढच्या चराचा प्रश्न म्हणून घ्या आणि पट्टीवर त्याच्या सालापाशी पेन्सिलीनं खूण करून ठेवा.